मखमलीतला तापमापक

मी एक जुना तापमापक आहे. माझ्या लाकडी पेटीत या क्षणी सहा वस्तू आहेत: मी स्वतः, माझ्याखालची निळी मखमल, बारीक रेघा वाचायचे एक भिंग, माझ्या अचूकपणाचा जन्मभराचा दाखला, केकचा एक वाळलेला तुकडा आणि झुरळाचा एक पाय. पहिल्या चार वस्तू पेटीत असायलाच हव्यात. केक तज्ज्ञांच्या बोटांवरून आला आणि झुरळ केकच्या वासावर. पाय मागे ठेवून ते निघून गेले, पण मला जाता येत नाही.

मित्रांनो, किळस हा शब्द मी जपून वापरतो. धुवांधार वादळात, आजारी खलाशांच्या जहाजावर मी महिना काढला आहे आणि तेव्हाही तो वापरला नव्हता. आज मात्र वापरणार आहे.

माझा जन्म काचेच्या कारखान्यात झाला. एका कारागिराने माझा फुगा फुंकला, दुसऱ्याने त्यात पारा भरला आणि तिसऱ्याने माझ्या अंगावर केसाएवढ्या रेघा कोरल्या. शून्याच्या खाली दोन अंशांपासून शून्याच्या वर चाळीस अंशांपर्यंत मला मोजता येते. भिंग लावले तर माझ्यावर अंशाचा शंभरावा भागही वाचता येतो. एवढ्या बारकाईचे काम कोणाला पडले, असे तुम्ही विचाराल.

ध्रुवाकडचा समुद्र कोणा एका देशाला मोजून होण्यासारखा नाही. म्हणून आठ देशांच्या तज्ज्ञांनी एक गट केला. प्रत्येकाचे तिथे एक संशोधन केंद्र आहे. सर्वांनी ठरवले, की ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या खोलीवर, बर्फाला भोक पाडून खालच्या पाण्याचे तापमान घ्यायचे आणि सगळे आकडे एका नकाशावर मांडायचे. पण आठ देश म्हणजे आठ तापमापक. एकाचा अंश दुसऱ्याच्या अंशाएवढा आहे, हे कसे कळणार? त्यासाठी मी. मी केंद्राकेंद्रांतून फिरायचे आणि प्रत्येक तापमापकाने माझ्याशी ताडून पाहायचे. थोडक्यात, मी पंच होतो.

गटाच्या पहिल्या अध्यक्षांना सगळे आजोबा म्हणत. ते मला स्वतः घेऊन हिंडत. कुठल्याही केंद्रात पोहोचले, की चहालाही हात न लावता शुद्ध पाण्याचा बर्फ मागत. तो कुटून त्याचा भुगा करायचा, त्याच पाण्याने भिजवायचा, थर्मासात भरायचा आणि मला त्यात गळ्यापर्यंत बुडवायचे. वितळणारा शुद्ध बर्फ शून्य अंशावर असतो. मग तो कोणाच्याही देशात असो, कोणाच्याही हुद्द्याची भीड तो धरत नाही. मी शून्यावर थांबलो, की आजोबा म्हणत, "हं, आता याला दुसऱ्यांच्या चुका काढायचा हक्क आहे." कोणी कुरकुरले, की सांगत, "काच म्हातारी होते रे. फुगा हळूहळू आक्रसतो आणि पारा वर सरकतो. माझे गुडघे आहेत ना, तसंच."

ती वर्षे चांगली गेली. आजोबा अंगरख्याच्या आत, छातीशी धरून मला नेत. बर्फातल्या भोकातून कधी एखादा सील डोके वर काढी आणि माझ्यावर फुरफुरे. त्याच्या तोंडाला सडक्या मासळीचा वास येई, पण त्याला नाव ठेवावेसे मला कधी वाटले नाही. तो आपले काम करत होता आणि मी माझे.

आजोबा गेले आणि माझी पूजा सुरू झाली.

नवे अध्यक्ष भाषणाला उभे राहिले, की मला हातात घेत. माझ्यासाठी मखमल आली, पेटीला कुलूप आले. जन्मभराचा दाखलाही त्यांनीच सही करून दिला. बर्फ मात्र गेला. "दाखला असताना दर वेळी आंघोळ कशाला?" असे ते म्हणाले आणि सगळे हसले. बर्फ कुटायला सगळ्यांनाच कंटाळा होता. आता कारण मिळाले.

पुढे काय झाले ते नीट ऐका. मी केंद्रात जाई. तिथला तापमापक आणि मी एकाच बादलीत ठेवले जात. त्याचा आकडा माझ्याहून वेगळा आला, की तेवढी दुरुस्ती त्याच्यावर चिकटवली जाई. अशी सात केंद्रे माझ्यासारखी बोलू लागली. बैठकीत अध्यक्ष अभिमानाने सांगत, "सात केंद्रांचे आकडे शतांशापर्यंत जुळतात. याहून मोठा पुरावा काय हवा?" सगळ्यांनी माझीच री ओढली आणि सगळे एकाच सुरात आहेत म्हणून मी बरोबर ठरलो. मला तेव्हा पहिल्यांदा किळस आली.

सचिवांचे सांगू का? माझ्या कुलपाची किल्ली त्यांच्याकडे असते. एका पाहुण्यांना गंमत दाखवायला त्यांनी मला स्वतःच्या उष्ट्या, कोमट कॉफीत बुडवले. "ध्रुवावरची सर्वांत अचूक कॉफी," असे म्हणून ते खिदळले. मग ज्या रुमालाने नुकतेच नाक पुसले होते, त्यानेच मला पुसले. मित्रांनो, सीलचा वास मला त्या दिवशी अत्तरासारखा आठवला.

आठवे केंद्र मात्र जुळेना. तिथले पाणी माझ्या हिशेबापेक्षा सात शतांश अंश थंड यायचे. ते केंद्र दोन बहिणी चालवतात. थोरली तिथे बर्फावर राहून आकडे घेते. धाकटी ते घेऊन बैठकांना येते. त्यांनी दुरुस्ती चिकटवून घेतली नाही, कारण त्यांचा तापमापक रोज बर्फात बुडतो आणि रोज शून्यावर थांबतो. धाकटीने प्रत्येक बैठकीत एकच मागणी केली, की मलाही बर्फात बुडवावे. प्रत्येक बैठकीत ती पुढच्या बैठकीवर ढकलली गेली. भिजत घोंगडे तेवढे भिजले, मी कोरडाच राहिलो. तिला सगळे 'बर्फवाल्या बाई' म्हणू लागले.

आजची बैठक शेवटची आहे. आठव्या केंद्राचे सगळे आकडे नकाशावरून खोडायचे, असा ठराव आला आहे. आकडे गेले, की केंद्र बंद होणार, कारण बिनकामाच्या केंद्राला जहाज कोण पाठवील? गटाचा नियम असा, की ठरावावर आठही जणांची सही लागते. म्हणून सकाळपासून सगळे बाईंच्या मागे लागले होते.

"बाई," अध्यक्ष दात कोरत म्हणाले, "सात केंद्रं चुकली आणि तुम्ही एकट्या शहाण्या?"

"शहाणपणाचं मी बोलतच नाहीये, सर. बर्फात बुडवा, एवढंच म्हणतेय."

"अहो, तुमच्या किनाऱ्याला हात थरथरत असतील कोणाचे तरी. थंडीच तशी. त्यात कमीपणा काय?"

"थरथरत्या हाताने आकडा इकडे-तिकडे जाईल. रोज सात शतांशच खाली कसा येईल?"

"आणि हा बर्फात घातला आणि तडकला तर?" सचिव मध्येच म्हणाले. "वारसा आहे तो आपला."

"कॉफीत घातला तेव्हा वारसा नव्हता वाटतं?"

कोणीतरी खाकरले. अध्यक्षांनी हसून जेवणाच्या टेबलाकडे बोट दाखवले. "बर्फवाल्या बाईंना बर्फ द्या रे. तिथे ढीगभर पडलाय."

तो बर्फ माशांच्या कापांखालचा होता. त्यावर मीठ मारलेले होते, त्यातून गुलाबी पाणी झिरपत होते आणि एक माशी त्यात पोहत होती. बाईंनी तो हुंगला आणि थाळी मागे सरकवली. "मिठाचा बर्फ शून्याच्या खाली जातो, सर. हे तुम्हीच आम्हाला पहिल्या वर्षाला शिकवलंत."

अध्यक्षांनी माशाचा काप उचलला आणि तोंडात टाकला.

बाई शुद्ध पाण्याची बाटली घरूनच घेऊन आल्या होत्या. बैठक सुरू व्हायच्या आधीच त्यांनी ते पाणी साच्यात भरून चहाच्या खोलीतल्या फ्रिजमध्ये, बर्फाच्या कप्प्यात ठेवले होते. खालच्या फळीवर कोणाचा तरी हिरवी बुरशी आलेला डबा आहे. एवढ्या पदव्यांची माणसे रोज तो फ्रिज उघडतात, नाक मुरडतात आणि दार लावतात. डबा कोणाचा, हे ठरवायलाही त्यांना ठराव लागेल.

दुपारी बाईंनी ताईला फोन लावला. माझी पेटी तिथेच टेबलावर होती, म्हणून मी ऐकले.

"ताई, सही मागतायत. नाही दिली तर म्हणे गटातूनच काढतील."

"मग दे सही," पलीकडून आवाज आला. "पण आधी त्यांना म्हणावं, माझ्या करंगळीचं टोक परत द्या. त्या भोकापाशी पालथी पडून आकडे वाचताना गारठून गेलंय ते. ते द्या आणि मग खोडा काय खोडायचं ते."

"चेष्टा नको गं."

"चेष्टा नाही. अगं, आपलाच चुकला असेल तर मी स्वतः खोडीन. तुझी शपथ. पण बघायचं तरी. न बघता नाही."

बाईंनी फोन ठेवला आणि बैठकीत जाऊन सांगितले, "आमचा चुकला असेल तर सही देते. पण आधी दोन्ही तापमापक बर्फात बुडवा. जे येईल ते मान्य." संध्याकाळच्या जेवणाची वेळ जवळ आली होती. ठराव उरकेल म्हणून सगळ्यांनी माना डोलावल्या. सचिवांनी किल्ली दिली.

मित्रांनो, मी हे तुम्हाला सांगतो आहे तेव्हा पलीकडे बाई बर्फ कुटत आहेत. आठव्या केंद्राचा तापमापक टेबलावर आहे. तो मखमलीतून आलेला नाही, ताईच्या लोकरी हातमोज्यातून आला आहे. त्या हातमोज्याची करंगळी मुडपून शिवलेली आहे.

मला माझा आकडा माहीत नाही. स्वतःचा शून्य स्वतःला कळत नसतो, त्यासाठी बाहेरचा बर्फच लागतो. माझी काच म्हातारी झाली असेल तर ती लाज नाही. लाज वाटते ती या मखमलीची. तुमच्या घरात, शाळेत माझ्यासारखे कोणी जुने असेल, ज्याच्यावर सगळे डोळे मिटून विश्वास टाकतात, त्याला हार घालू नका. त्याच्या पेटीतला केक झाडा, त्याला स्वच्छ पुसा आणि दर वेळी आधी बर्फात बुडवा. जुन्याची काळजी घेणे म्हणजे तेच. बाकी सगळी झुरळांची सोय.

कुलूप उघडले. बाईंनी झुरळाचा पाय चिमटीने उचलून बाहेर टाकला आणि मला स्वच्छ फडक्याने पुसले. भुगा पांढरा, भिजलेला आणि बिनवासाचा होता. मला गळ्यापर्यंत बुडवले, शेजारी त्यालाही. पारा खाली आला, आणखी खाली आला आणि थांबला. अध्यक्ष तोंड पुसत जवळ आले. बाईंनी भिंग त्यांच्याच हातात दिले. त्यांनी पाहिले, भिंग पुसले आणि पुन्हा पाहिले.

"वाचा ना सर," बाई म्हणाल्या.

त्यांनी मोठ्याने वाचले.

हातमोज्यातला तापमापक: शून्य.

मी: शून्याच्या वर सात शतांश अंश.