भुताचा सिनेमा, पडद्याच्या बाजूने

मित्रांनो, मी एक जुना पडदा आहे. खिडकीचा नव्हे, सिनेमाचा! खिडकीचे पडदे आमचे दूरचे नातेवाईक. पण त्यांचे काम लपवायचे आणि माझे दाखवायचे, त्यामुळे आमचे फारसे जाणेयेणे नाही.

एका कारखान्यात जाड पांढऱ्या कापडाचे लांब पट्टे जोडून मला शिवले. शिवण दिसू नये म्हणून कारागिरांनी डोळ्यांत तेल घालून काम केले. माझ्या अंगभर बारीक बारीक भोकेही पाडली. भोके ऐकून हसू नका. सिनेमाचे कर्णे माझ्या पाठीमागे असतात आणि त्यांचा आवाज या भोकांतूनच तुमच्यापर्यंत पोहोचतो. मग मला गुंडाळून या थिएटरात आणले आणि कडेच्या कड्यांत दोऱ्या ओवून चौकटीवर ताणून बांधले. बांधणारा कारागीर शिडीवरून उतरला, मान वर करून मला बघत राहिला आणि म्हणाला, "एक सुरकुती दाखवा, नाव बदलतो." कुणालाही दाखवता आली नाही. त्या दिवसापासून मी जो छाती काढून उभा आहे, तो आजतागायत.

लोक म्हणतात, "या पडद्याने किती सिनेमे पाहिले असतील!" खरे सांगू? एकही नाही. सिनेमा माझ्या अंगावर चालतो आणि स्वतःच्या पाठीवरचा तीळ कुणाला दिसतो? मला दिसता तुम्ही. वर झरोक्यात बसलेल्या ऑपरेटरला प्रेक्षकांची फक्त टाळकी दिसतात. मागच्या दारापाशी उभ्या असलेल्या डोअरकीपरला मानगुटी दिसतात. शेजाऱ्याला शेजाऱ्याचा एक कान दिसतो. सगळे चेहरे एकदम पाहणारा या इमारतीत मी एकटा आहे. मला याचा अभिमान आहे आणि तो लपवायची मला गरज वाटत नाही.

हसणारे चेहरे मी खूप पाहिले, रडणारेही पाहिले. पण चेहऱ्यांची खरी जत्रा भरली ती भुताचा सिनेमा लागला तेव्हा.

त्याची गोष्ट मला आवाजावरून ठाऊक आहे. एका घड्याळजीच्या बायकोच्या अंगात सैतान शिरतो. आधी घरातली सगळी घड्याळे एकदम बंद पडतात. मग ती बाई कपाटात शिरून आतून कडी लावते आणि आतून एका म्हाताऱ्या पुरुषाचे हसू ऐकू येते. बस्स, त्या हसण्याला भल्याभल्यांची पाचावर धारण बसायची. मिशीला पीळ देत पहिल्या रांगेत बसलेला एक धिप्पाड पहिलवान तर कपाटाची कडी वाजली की बुटाची नाडी बांधायला खाली वाकायचा. तो पुन्हा पुन्हा सिनेमाला आला आणि त्याची नाडी नेमकी तेव्हाच सुटली. एक प्राध्यापक मध्यंतरात बायकोला समजावत होते, "अगं, सगळं खोटं असतं. रंग लावतात, दोऱ्या ओढतात." मध्यंतरानंतर ते बायकोच्या खांद्यात तोंड खुपसून विचारत होते, "गेलं का गं ते?" ती म्हणाली, "थांबा हो, अजून आहे." गंमत म्हणजे तिचेही डोळे घट्ट मिटलेले होते! भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात तो असा. अख्ख्या गर्दीत न घाबरणारी एकच आजी होती आणि ती झोपलेली होती.

आमचे मालक मोठे हिकमती. सिनेमा आणखी भयानक वाटावा म्हणून त्यांनी बाहेरच्या दालनात एक पांढरी खाट मांडली आणि तिच्यापाशी एक निवृत्त नर्सबाई बसवल्या. नर्सबाईंनी फक्त पांढरे कपडे घालून गंभीर चेहरा करायचा, एवढेच मालकांना हवे होते. पण त्या जातीच्या नर्स. आपले रक्तदाब मोजायचे यंत्र घेऊन आल्या आणि तिकीट काढणाऱ्यांना पकडून पकडून मीठ कमी खा म्हणून बजावू लागल्या.

मालकांची दुसरी हिकमत म्हणजे धप्पू. हे त्याचे खरे नाव नव्हे. नाटकात छोटी कामे करणारा हा गडी प्रत्येक खेळाला तिसऱ्या रांगेत बसे. कपाटातले हसू सुरू झाले की "आई गं" म्हणून उठे आणि माझ्या पायथ्याशी मोकळी जागा आहे तिथे येऊन धप्पकन पडे. दोघे जण त्याला उचलून बाहेरच्या खाटेवर नेत. प्रेक्षकांना वाटे, बापरे, माणूस बेशुद्ध पडला! दुसऱ्या दिवशी गावभर हीच चर्चा. पडताना तो कसा डोळे फिरवी, कसा आधी गुडघा टेकवी, ते मी अगदी जवळून पाहत असे. कला होती ती. मात्र हळूहळू काही लोकांना संशय येऊ लागला होता. तो पडला की मागून टाळ्याही पडत.

अशाच एका दुपारच्या खेळाला पोस्टातली मुलगी आली. पोस्टाच्या खिडकीत बसून तिकिटे आणि पाकिटे देणारी ती, म्हणून सारे तिला पोस्टातली म्हणत. सोबत आई होती. घाईघाईत आल्या होत्या. दोघी धप्पूच्या शेजारीच बसल्या.

घड्याळे बंद पडली, तेव्हा मी तिचा चेहरा पाहिला. आजूबाजूचे चेहरे भीतीने ताणलेले होते, पण तिचा तसा नव्हता. तिची नजर कुठेच नव्हती. मग तिला काहीतरी जाणवले असावे. ती उठली, माझ्या शेजारच्या दाराकडे येऊ लागली आणि माझ्या पायथ्याशी कोसळली. हात आखडले, पाय झटके देऊ लागले.

आणि मित्रांनो, प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या!

"आज बाई ठेवलीय वाटतं!" कुणीतरी ओरडले. "ही बरी करते त्याच्यापेक्षा!" दुसरा म्हणाला. सगळे हसले. पण झटके थांबेनात. हसू विरत गेले आणि त्याच्या जागी जे आले ते मी कधी पाहिले नव्हते. कपाटापुढे घाबरतात तशी ती भीती नव्हती. आता ते एका जित्याजागत्या मुलीला घाबरत होते. "शिरलं! हिच्या अंगात शिरलं ते!" एक बाई किंचाळली. मागच्या रांगा उठल्या, दाराकडे रेटारेटी सुरू झाली. मुलीची आई रांगेतून बाहेर पडायची धडपड करत होती, पण लोक तिला मागे लोटत होते. तिचे ओठ हलताना मला दिसत होते. शब्द मात्र कुणालाच ऐकू जात नव्हते, कारण माझ्याच भोकांतून सैतान खदाखदा हसत होता. मला ओरडता आले असते तर!

तिचे शब्द ऐकले ते फक्त शेजारच्या धप्पूने. तो खुर्चीवर चढून उभा राहिला. मागच्या दारापाशी मालक होते. त्यांनी ओठांवर बोट ठेवून त्याला गप्प राहण्याची खूण केली. धप्पूने ती खूण पाहिली. मी त्याचा चेहरा पाहत होतो. त्याची पोटापाण्याची सगळी भिस्त त्या पडण्यावर होती. तरीही त्याने नाटकवाल्याचा तो कमावलेला आवाज असा लावला की कर्णेही फिके पडले.

"लाईट लावा! अहो, इथे पडणारा मी आहे, मी! रोज खोटं खोटं पडतो, मालक त्याचे पैसे देतात मला. हे खोटं नाही. आणि भूतबीत तर मुळीच नाही. तिला फीट आलीय. आजारी आहे ती. जागचे हलू नका आणि तिच्या आईला वाट द्या!"

दिवे लागले. सैतान हसता हसता मध्येच बंद पडला. लोक थबकले, वाट मिळाली, आई धावली. बाहेरून नर्सबाई आल्या आणि त्या दिवशी मला कळले की पांढरे कपडे कशासाठी असतात. त्यांनी मुलीच्या डोक्याखाली आपली शाल घडी करून सारली, तिचा चष्मा काढून घेतला. कॅन्टीनवाला चमचा घेऊन धावत आला. "तोंडात काही घालायचं नाही," त्या म्हणाल्या, "आणि हातपाय कुणी दाबायचे नाहीत. थांबेल आपोआप." खरोखरच हळूहळू झटके थांबले. त्यांनी तिला अलगद कुशीवर वळवले. सकाळची गोळी घाईत राहून गेली, हे आईने रडत रडत सांगितले.

धोका टळला होता. पण एक गोष्ट राहिली होती. भीती ओसरली तसे लोक जवळ येऊ लागले होते. बघ्यांचे कोंडाळे जमले, मागचे टाचा उंच करून पाहू लागले. मुलगी अजून शुद्धीवर नव्हती. तिचे कपडे ओले झाले होते. आई तिच्यावर ओणवी होऊन दोन्ही हातांनी तिला झाकत होती, पण दोन हात किती पुरणार?

"बघू नका हो," ती म्हणाली. "पाया पडते तुमच्या. उद्या तिला त्या खिडकीत बसायचंय. तुम्ही सगळे तिथे येणार. ती कशी बसेल?"

नर्सबाईंनी मान वर केली. "ऐकलंत ना? तोंडं फिरवा सगळ्यांनी."

आधी पहिल्या रांगेतला पहिलवान वळला. त्याच्या शेजारचा वळला. पुन्हा सिनेमाला आलेले प्राध्यापक वळले, त्यांची बायको वळली. मघाशी "शिरलं, शिरलं" म्हणून किंचाळलेली बाई वळली. एकामागून एक रांगा, मागच्या भिंतीपर्यंत, वर बाल्कनीतसुद्धा. मालकही वळले. सगळे थिएटर माझ्याकडे पाठ करून उभे राहिले, चिडीचूप.

आयुष्यभर मी चेहरे पाहिले आणि त्यांचाच तोरा मिरवला. त्या दिवशी मला एकही चेहरा दिसला नाही. दिसली टकले, अंबाडे, मळक्या कॉलर, खाजवायचे राहून गेलेले कान. पण शपथेवर सांगतो, इतका सुंदर प्रेक्षकवर्ग मी त्याआधी पाहिला नव्हता. माझी छाती आणखी थोडी फुगली असती, तर साऱ्या दोऱ्या तुटल्या असत्या.

थोड्या वेळाने मुलीने डोळे उघडले. तोवर नर्सबाईंनी खाटेवरची चादर आणून तिच्या अंगाभोवती गुंडाळली होती. ती गोंधळून त्या पाठींकडे पाहत राहिली. "आई, हे सगळे असे का उभे आहेत गं?"

आईने तिचे केस मागे सारले. नर्सबाई म्हणाल्या, "सिनेमा फार भयानक आहे ना बाळा. बघवत नाही त्यांना."

आधी एक पाठ हलली, मग दुसरी. सगळ्या पाठी हसत होत्या, पण एकही वळली नाही. मुलगीही हसली. मग तिला माझ्या शेजारच्या दाराने बाहेर नेले.

पुढचे मला डोअरकीपर आणि ऑपरेटर यांच्या बोलण्यातून कळले, कारण मऊ ब्रशाने माझी धूळ झाडताना ते गावच्या साऱ्या गोष्टी करतात. मुलगी खिडकीत बसली. पहिलवान सगळ्यात आधी गेला, दोन पाकिटे घेतली, सुट्टे नाहीत म्हणून बोलणी खाल्ली आणि खूश होऊन परतला. चार तोंडे कुजबुजलीच, नाही असे नाही. पण त्या दुपारी पाठ करून उभे राहिलेले लोक गावात इतके होते की कुजबुज फार पुढे सरकली नाही. मालकांनी धप्पूला रागाच्या भरात काढून टाकले. नर्सबाईंनी मात्र यंत्र आवरले नाही. "माझी खाट इथेच राहणार," असे त्यांनी बजावले आणि मालकांनी ती राहू दिली.

आणि काही दिवसांनी ती मुलगी पुन्हा आली! सिनेमा अर्धा राहिला होता ना. दिवे मालवायच्या आधी आईने विचारले, "गोळी घेतलीस?" "घेतली गं, किती वेळा विचारशील!" धप्पूही आला होता, स्वतःच्या खिशातून तिकीट काढून. रोज कपाटापाशीच त्याला उचलून नेत असल्याने कपाटात पुढे काय होते, हे त्याने कधी पाहिलेच नव्हते.

घड्याळे बंद पडली. कपाटाची कडी वाजली. माझ्या पाठीमागून ते म्हातारे हसू सुरू झाले आणि पोस्टातली मुलगी अशी किंचाळली, अशी किंचाळली की शेजारचा धप्पू खरोखरच खुर्चीखाली गेला. तिने आईच्या दंडात नखे रुतवली होती, डोळे मोठे झाले होते आणि ती अगदी सगळ्यांसारखी घाबरली होती. तिच्याकडे कुणाचेही लक्ष नव्हते, कारण सगळेच ओरडत होते. घाबरलेला इतका सुखी चेहरा मी पुन्हा पाहिला नाही.

आता मी पिवळा पडलो आहे. एका कोपऱ्यात मला ठिगळ आहे, दोऱ्या सैल झाल्या आहेत. माझ्या जागी चकचकीत नवा पडदा आणायचे घाटत आहे. येऊ दे बापडा. त्याचे चित्र माझ्याहून चांगले दिसेल, पण मी जे पाहिले ते त्याला कुठून मिळणार?

मित्रांनो, माझे एवढेच ऐका. माझ्याकडे हवे तेवढे टक लावून बघा, तोंड उघडे टाकून बघा, मी त्यासाठीच टांगलेला आहे. पण समोर एखादे माणूस कोसळले, तर त्याला पडदा समजू नका. मदत करता येत असेल तर हात द्या. नाही येत, तर ज्याला येते त्याला हाक मारून बोलवा, त्याला वाट करून द्या आणि मग तोंड फिरवून उभे राहा, तो माणूस उठून उभा राहीपर्यंत.