भंडारा लावलेला लॅपटॉप

आमच्या घरात भंडारा लागल्याशिवाय कुठलीच वस्तू कामाला लागत नाही. फवारणीचा पंप, फ्रीज, मिक्सर, कुणालाच सूट नाही. अणदुरात राहून खंडोबाला न सांगता काम सुरू करायचं, हे माझ्या सासूबाईंच्या, कडूबाईंच्या, डोक्यात बसत नाही. त्या दिवशी मी केस विंचरत होते तेवढ्यात आत्यांनी, मी सासूबाईंना आत्याच म्हणते, माझ्या लॅपटॉपवर मूठभर भंडारा वाहिला. मग बटणं पिवळी झालेली बघून घाबरल्या आणि पदरानं खसाखसा पुसली. एकदा पुसून समाधान होईना म्हणून परत पुसली.

अकरा वाजता माझी नोकरीची परीक्षा होती. लोकांची बोलणी हेडफोनवर ऐकून टाइप करायची, तेही घरी बसून. हे काम मिळालं नाही तर मी पुण्यात खोली करून नोकरी शोधायची आणि वैजनाथनं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, इथं शेत बघायचं, असं ठरलं होतं. लग्नाला वर्षसुद्धा झालं नव्हतं. मला अजिबात जायचं नव्हतं.

आणि हेडफोन लॅपटॉपला जोडून कानाला लावला, तर चिडीचूप! पिन काढली की लॅपटॉप बोलायचा, घातली की मुका. बिनहेडफोनचं ऐकावं म्हटलं, तर भिंतीपलीकडं पिठाची गिरणी धडधडत होती.

"अहो, आवाज येईना!"

हे हातातली भाकरी टाकून आले. लॅपटॉपात विंडोजऐवजी लिनक्स ह्यांनीच हौसेनं घातलेलं. 'फुकट हाय, व्हायरस न्हाय, लई मजबूत हाय,' हे मला पाठ झालंय.

"हेडफोन बिघडला असंल," म्हणत ह्यांनी तो मोबाइलला लावला. तिथं तो खणखणीत वाजला. मग लॅपटॉप बंद करून चालू केला. तरी तेच. मग ह्यांनी लॅपटॉपच्या हेडफोन लावायच्या भोकात जोरात फुंकर मारली. आतला भंडारा उडून थेट ह्यांच्या डोळ्यात गेला.

"आई! काय केलंस गं ह्याला?"

आत्या दारात उभ्या राहिल्या. चेहरा पार उतरलेला. "म्या फकस्त भंडारा लावला रं. देवाचा भंडारा कुनाचा आवाज बंद करंल व्हय?"

मला आत्यांची दया आली आणि नवऱ्याचा राग आला. ह्यांनी एक डोळा मिटून मोबाइलवर शोधलं आणि काळ्या खिडकीत अल्सामिक्सर नावाचं, आवाज कमीजास्त करायचं काहीतरी उघडलं. आवाजाच्या दोन उभ्या पट्ट्या दिसल्या. एक मुख्य आवाजाची, दुसरी हेडफोनची. दोन्ही वरपर्यंत भरलेल्या.

"समदं फुल्ल हाय. आता लिनक्सच परत टाकतो."

"हात लावाल तर बघा!" मी ओरडले. परीक्षेला थोडाच वेळ राहिला होता. धड चालणाऱ्या लॅपटॉपला बिघडण्याआधी एकट्या आत्यांचाच हात लागला होता, तेव्हा काय दाबलं गेलं ते मला बघायचं होतं. "आत्या, इकडं या. सकाळी पुसला तसाच पुसा बरं."

"नगं बाई, आनिक बिघडंल."

"पुसा हो, मी आहे ना."

आत्यांनी पदर फिरवला. आवाज बंद करायचं बटण वरच्या रांगेत होतं. ते दाबलं गेलं आणि मुख्य पट्टीखाली बारीक 'एम एम' उमटलं, म्हणजे आवाज बंद; हेडफोनखाली ते आधीपासूनच होतं, आमच्या लक्षात आलं नव्हतं. आत्यांनी परत पुसलं. मुख्य पट्टीखालचं 'एम एम' गेलं. हेडफोनखालचं तसंच राहिलं.

"अहो, बघा! सकाळीही हेच झालं असणार. बंद करताना दोन्ही बंद करतंय आणि उघडताना एकच उघडतंय. हेच का तुमचं लई मजबूत?"

हे डोळा चोळत बसले. मी हेडफोनच्या पट्टीवर गेले आणि एमचं बटण दाबलं. कानात आवाज असा दणकन घुसला की मी खुर्चीतून उडाले. घाईघाईनं पट्टी खाली आणली आणि परीक्षेला बसले. पूर्ण वेळ आत्या दाराबाहेर बसून होत्या. गिरणीवाल्यालाही त्यांनी थोडा वेळ गिरणी थांबवायला लावली, हे मला नंतर कळलं.

चार दिवसांनी निवड झाल्याचं कळलं. ह्यांनी लगेच "शेवटी लिनक्सवरच झालं ना!" म्हणून घेतलं. आत्यांनी डोळे पुसले आणि भंडाऱ्याची वाटी घेऊन तडक लॅपटॉपकडं निघाल्या.

मी झटकन लॅपटॉप मिटला आणि माझं कपाळ पुढं केलं.

"आत्या, इथं लावा. मी कुठंच जात नाही आता."