पकडीचा खोटा आकडा

जुन्यात जमा झालेले मी पकड मोजणारे यंत्र आहे, मित्रांनो. माझी मूठ आवळली की काटा सरकतो आणि हातात किती ताकद उरली ते कळते. ऐन उमेदीत मी साताऱ्याच्या एका सैन्यभरतीच्या क्लासात होते. पोरे दात-ओठ खाऊन मला दाबत आणि काटा वर गेला की टाळ्या पडत. पुढे क्लास बंद पडला आणि मी माळ्यावर गेले.

तिथून मला रहिमतपूरच्या डॉक्टर सोनम मॅडमनी आणले. कोलेस्टेरॉलसाठी स्टॅटिनची गोळी देतात. तिने काहींचे स्नायू दुखतात, दुबळे होतात. सोबत पोषक द्रव्याची गोळी दिली तर फरक पडतो का, याची चाचणी मॅडम करत होत्या. काहींना ही खरी पोषक गोळी, काहींना तशीच दिसणारी बिनऔषधाची. दर खेपेला माझ्यावर पकड मोजायची आणि दुखते असे कोणी म्हटले, की लगेच त्याचे रक्त तपासायचे.

या चाचणीत निवृत्त सुभेदार लालासाहेब होते. दुसऱ्या खेपेला त्यांनी मला हातात घेतले आणि मी हादरलेच. कोपर बरगडीत रुतवून, श्वास कोंडून ते सारे अंग माझ्यावर टाकत होते. अंगठा लटलट कापत होता.

“कुठं दुखतंय का, काका?” मॅडमनी विचारले.

“काय न्हाई, मॅडम. एकदम ओके.”

आकडा चांगला आला. मी काय करणार होते? मला काटा दिलाय, तोंड दिलेले नाही. आकडा माझाच होता आणि तो खोटा होता. जीव नुसता तळमळत राहिला.

पुढच्या खेपेला त्यांच्या पत्नी साळूबाई त्यांना धरून आत घेऊन आल्या. सुभेदारांनी पुन्हा तसेच कोपर रुतवले. साळूबाईंना राहवले नाही.

“आवं, घरात पाण्याचा तांब्या उचलत न्हाई तुमच्यानं. हितं कुणाला दावताय?”

सुभेदार खाली बघत म्हणाले, “नापास करत्यात गं.”

मॅडमचा चेहरा उतरला. लघवीचा रंग विचारला, तर कोऱ्या चहासारखा. रक्तात स्नायू झिजल्याच्या खुणा भरून राहिल्या होत्या. त्याच दिवशी त्यांना साताऱ्याला हलवले. झिजलेल्या स्नायूंचा गाळ मूत्रपिंडांत अडकतो; ती वाचतील का, ते अजून कोणी सांगत नाही.

मित्रांनो, तुमच्या घरात कोणाची स्टॅटिनची गोळी चालू असेल, तर ती मनाने बंद करू नका. पण अंग दुखत असेल तर डॉक्टरांना सांगायला लावा. मला दाबून कोणी पास होत नाही. आणि पाया पडते, तपासणीच्या खोलीत आपल्या माणसाला एकटे सोडू नका. आदल्या खेपेलाही साळूबाई आल्या होत्या. बाहेर बाकावर बसून होत्या. त्यांना आत कोणी बोलावलेच नाही.