गुरुवारचे सहा वाटे

पलाव खाऊन झाला की माझ्या तळाशी चरबीचा एक पातळ थर उरतो. गरम असेपर्यंत तो डोळ्यांना दिसत नाही. खालची निळी नक्षी जशीच्या तशी दिसत राहते. मग तो कडेकडून गोठू लागतो. आधी काठाजवळ एक दुधाळ रेघ उमटते. ती हळूहळू आत सरकते आणि शेवटी मधोमध काढलेले डाळिंबाचे चित्र पुरते झाकून टाकते. जाड शेपटीच्या मेंढ्याची चरबी अशीच गोठते. पूर्वी मला हे कधी पाहायलाच मिळाले नव्हते, कारण माझा तळ कोमट असतानाच कोणीतरी नानच्या तुकड्याने तो पुसून घेत असे. आता जेवण झाल्यावर घरधनी एर्गाश-अका बराच वेळ माझ्यासमोर नुसते बसून राहतात, आणि थर पुरा गोठतो.

मित्रांनो, मी एक जुना लागान आहे. लागान म्हणजे घरातल्या सगळ्यांनी भोवती बसून एकत्र जेवायचा मोठा, मातीचा थाळा. माझा जन्म फरगाना खोऱ्यातल्या रिश्तानचा. तिथल्या लालसर मातीला फारसे काही मिसळावे लागत नाही. एका म्हाताऱ्या कुंभाराने मला चाकावर घडवले, सावलीत वाळवले आणि माळरानावरच्या झुडपांच्या राखेपासून केलेली झिलई माझ्यावर चढवली. भट्टीत जाईपर्यंत ती करडी, धुळीसारखी दिसत होती. बाहेर आलो तेव्हा मी निळा झालो होतो. कुंभाराने काठावर टिचकी मारली, कान जवळ आणून नाद ऐकला आणि समाधानाने मान हलवली. कुठेही तडा नव्हता.

सनोबर आणि एर्गाश यांच्या लग्नात सनोबरच्या मामाने मला भेट दिले. एर्गाश-अका, म्हणजे एर्गाशभाऊ, तेव्हा कोकंदच्या रस्त्यावर बस चालवत. त्यांच्या घरी मी आलो, आणि माझी खरी कामाची वर्षे सुरू झाली.

आमच्याकडे गुरुवार हा पलावाचा दिवस. गाजराच्या लांब काड्या, कांदा, मांस आणि तांदूळ मोठ्या कढईत शिजत. मग मला झाकणासारखे कढईवर उपडे धरून ऊब देत, आणि मी अंगणातल्या लाकडी मंचावर जाऊन बसे. माझ्याभोवती सहा जण असत: एर्गाश-अकांची आई, ते स्वतः, सनोबर, दोन मुलगे आणि धाकटी मुलगी माहलियो. माझ्यावर रेघा आखलेल्या नव्हत्या, तरी प्रत्येकाचा वाटा ठरलेला होता. ज्याने त्याने आपल्या समोरच्या काठापासून मधल्या डाळिंबाकडे खात यायचे. शेजाऱ्याच्या बाजूला हात गेला की लगेच ओरड होई. भोवती जितके हात जास्त, तितका प्रत्येकाचा वाटा लहान. पोट कुठे थांबवायचे हे तेव्हा कोणाला शिकवावे लागत नव्हते. शेजारच्याचा हात जिथे सुरू होई, तिथे आपले जेवण संपे.

मांस कापण्याचा मान घरच्या कर्त्या पुरुषाचा. एर्गाश-अका सुरीने त्याचे तुकडे करत आणि प्रत्येकापुढे एक लहान ढीग लावत. आईपुढे मऊ तुकडे, मुलांपुढे थोडे जास्त. वाटणाऱ्याच्या वाट्याला शेवटी हाडाजवळचे काहीतरी उरे. तेव्हा ते सडपातळ होते.

सनोबरची एक सवय होती. माझ्याआधी ती टोमॅटो-कांद्याच्या पातळ चकत्यांची बशी मांडत असे.

“आधी हे संपवा, मग पलावाकडं बघा,” ती म्हणायची.

समोरच्या घरातला कोमिल हा एर्गाश-अकांचा बालमित्र. तो जेवायला असला की गप्प बसत नसे. “वहिनी, आम्ही काय बकऱ्या आहोत का?”

“बकऱ्या बऱ्या, भावजी. त्यांना दरवर्षी नवा पट्टा लागत नाही.”

सगळे हसत. कोमिल आपला पट्टा चाचपत चकत्या खाऊ लागे. जेवण झाले की सनोबर सगळ्यांना उठवून कालव्याच्या कडेने तुतीच्या झाडांपर्यंत चालायला लावी. हे पथ्य आहे असे कोणाला वाटत नव्हते. घराची रीत होती, इतकेच. पाहुणे माझे कौतुक करत. रिश्तानचा निळा रंग असाच पाहिजे, असे म्हणत माझ्या काठावरून बोट फिरवत. मित्रांनो, मला त्या कौतुकाची सवय झाली होती.

मग एकेक बाजू रिकामी होत गेली. आधी आजी गेली. दोन्ही मुलगे कामासाठी रशियात गेले आणि तिकडेच राहिले. माहलियो लग्न होऊन ताश्कंदला गेली. काही वर्षे दोघेच माझ्यापुढे समोरासमोर बसत. सनोबर मोठ्या कढईच्या तळाशी थोडेसेच शिजवी आणि चकत्यांची बशी तेवढीच मोठी ठेवी. नंतर एका हिवाळ्यात सनोबरही गेली.

त्यानंतरच्या पहिल्या गुरुवारी एर्गाश-अकांनी चूल पेटवली आणि कढईत पूर्वीइतकाच, सहा जणांचा तांदूळ टाकला. मला आश्चर्य वाटले नाही. आमच्याकडे पलाव शिजला म्हणजे दार उघडे असते. कोणीही आत यावे आणि बसावे. एका माणसापुरता पलाव शिजवणे म्हणजे या घरात आता कोणी येणार नाही, असे आपल्याच तोंडाने सांगणे. तसे सांगायला त्यांची जीभ धजत नव्हती, आणि हातही. त्यांनी फाटक अर्धे उघडे ठेवले, मंचावर सहा गाद्या घातल्या आणि मांस कापून माझ्या काठाने सहा ढीग लावले. मग वाट पाहिली. गल्लीतून सायकली गेल्या, बायका बोलत गेल्या. प्रत्येक घरी आपापला गुरुवार होता.

अन्न टाकणे हे आमच्याकडे मोठे पाप. त्यांनी आपला वाटा खाल्ला. मग बसल्या जागेवरून थोडे सरकून शेजारचा खाल्ला. असे करत ते माझ्याभोवती पूर्ण फिरले.

एकदा त्यांनी उरलेला पलाव वाडग्यात भरून शेजारी पाठवला होता. पण रिकामे भांडे परत करायचे नसते. वाडगा संध्याकाळी आला तो भोपळ्याच्या समोशांनी भरून, वर झाकायला एक अख्खा नान. “वहिनी गेल्या, तुमच्या खाण्याकडं कोण बघणार?” असा निरोपही आला. एर्गाश-अकांना ती कीव टोचली. समोसे त्यांनी संपवले आणि वाडगा पुन्हा कुठे गेला नाही.

वजन एका दिवसात वाढत नाही, म्हणून ते वाढताना दिसत नाही. मला ते आवाजांतून कळत गेले. मंच पूर्वी त्यांच्या बसण्याने कुरकुरत नसे, आता कुरकुरू लागला. मला कपाटातून काढताना त्यांचा श्वास ऐकू येऊ लागला. बूट घालायला ते भिंतीला टेकून उभे राहत आणि नाडी न बांधताच बाहेर पडत. रक्तातली साखर वाढली. गुडघे दुखू लागले.

माहलियो दर गुरुवारी फोन करते. फोन ते माझ्या काठाला टेकवून ठेवतात, म्हणून सगळे बोलणे मला ऐकू येते. वसंतात तिला मुलगी झाली. नातीला पाहायला एर्गाश-अका ताश्कंदला गेले. माहलियोचे घर चौथ्या मजल्यावर, इमारतीला लिफ्ट नाही. पहिल्या वळणावरच त्यांना धाप लागली. शेवटी बाळाला खाली आणून बाकावर त्यांच्या मांडीवर दिले. ते खाली बसून होते आणि वर, लेकीच्या घरात, त्यांच्यासाठी जेवण मांडलेले होते.

“दादा, डॉक्टरीण काय म्हणाली?” ते परत येऊन डॉक्टरिणीला दाखवून आल्यावर माहलियोने फोनवर वडिलांना विचारले.

“काय म्हणणार? पोर तुझ्यापेक्षा लहान आहे आणि मला दटावते. म्हणाली, वजन उतरलं तर गुडघे ऐकतील, श्वासही ऐकेल. नाही उतरलं, तर जिन्याचं नाव काढू नका.”

“आणि खायचं काय?”

“तुझी आई सांगायची तेच! आधी कच्ची भाजी. चहात खडीसाखर नाही. अख्ख्या नानऐवजी चतकोर. अंधार पडायच्या आत जेवण, जेवणानंतर चालणं. फी घेऊन तेच सांगितलं. सनोबर फुकट सांगायची.”

माहलियो हसली, मग तिचा आवाज बदलला. “दादा, हिला पहिला दात आला की करतात ते जेवण आम्ही घरी करणार आहोत. वरती. तुम्ही यायचं आहे. मी बाळाला पुन्हा खाली आणणार नाही.”

त्यांनी ते मनावर घेतले. खडीसाखरेची बरणी सगळ्यात वरच्या फळीवर गेली. सकाळी ते मूग आणि थोड्या तांदळाची पातळ खिचडी शिजवून एका लहान वाडग्यात घेत. घास सावकाश चावत. बाजारात चालत जात, मुळा आणि सलगम घेऊन चालत येत. भूक लागल्यासारखे वाटले की आधी पाणी पीत आणि थोडा वेळ थांबत. पुष्कळदा ती भूक नसेच, नुसते घर शांत असे. महिनाभरात त्यांना बुटाची नाडी बांधता येऊ लागली.

पण गुरुवार येई, आणि आठवडाभर जे थोडे थोडे उतरले ते एका दुपारी परत चढे. वाडग्यात भरलेला दिसणारा पलाव माझ्यावर घातला तर मूठभर दिसतो. माझा आकारच तसा आहे. मी रिकामा दिसू नये म्हणून ते मला भरत, आणि भरलेले टाकवत नाही म्हणून ते मला संपवत.

मित्रांनो, इथे तुम्हाला एक विनंती करते माझी जुनी माती. मोठा थाळा ही चांगली गोष्ट आहे, पण तो अनेक हातांसाठी असतो. जेवायला कोणी असेल तर त्याच्याबरोबर बसा. एकटे असाल तर लहान भांड्यात वाढून घ्या, आधी भाजी खा, आणि आणखी थोडे खाता येईल असे वाटत असतानाच उठा. तुमच्या घरी माझ्यासारखा कोणी असेल तर त्याला पुसून, कोरडा करून भिंतीवर टांगा. आम्हाला एकटे राहण्याचे भय वाटते, हे खरे आहे. भिंतीवरचा लागान कोणाच्या हाताची ऊब अनुभवत नाही. तरीही आमच्यासाठी कोणी आपले शरीर झिजवू नये.

काल गुरुवार होता. सहा ढीग लावून झाले होते. एर्गाश-अकांनी दोन संपवले होते, तेवढ्यात फाटक वाजले. कोमिल द्राक्षवेलीची कात्री परत द्यायला आला होता. हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर तो पलावाच्या वासालाही थांबत नाही, म्हणून त्याचे गुरुवारी येणे कधीच बंद झाले होते. तो मंचाजवळ आला आणि सहा गाद्या पाहून हसला.

“कोणाची वाट बघतोयस? पलटण येणार आहे का?”

“बस. चहा घे.”

कोमिल बसला. मग त्याची नजर माझ्यावर पडली. दोन रिकाम्या बाजू, चार मांसाचे ढीग, नीट, एकसारख्या अंतरावर. त्याचे हसू थांबले. त्याने एकेक ढीग पाहिला, जणू तो प्रत्येकाला ओळखत होता.

“वहिनींचा वाटा कोणता?” त्याने हळूच विचारले.

एर्गाश-अकांनी बोटाने दाखवला. तो त्यांच्या अगदी समोर, पलीकडच्या काठाला होता.

“तो कोण खातं?”

“मीच.”

“आणि मुलांचे?”

“मीच रे. टाकू का?”

कोमिलने कात्री मंचावर ठेवली. मग म्हणाला, “एर्गाश, सहा माणसांचं पोट एकट्यानं घेऊन कोणता जिना चढणार आहेस तू?”

एर्गाश-अकांचा चेहरा लाल झाला. “तुला काय कळतंय? तुझ्या घरी नातवंडं डोक्यावर नाचतात. मी लहान पातेलं चढवलं की संपलं. मग हे घर कोणाचं?”

“तुझं. पण तू राहिलास तर.”

तेवढ्यात माझ्या काठाला टेकलेला फोन वाजला. माहलियोचा आवाज आला, मागे बाळ काहीतरी बडबडत होते.

“दादा! हिला खालचा दात दिसतोय. पुढच्या महिन्यात जेवण ठेवू या ना? बरं, आज कोण कोण आलं होतं?”

या प्रश्नाचे उत्तर मला पाठ आहे. सगळे आले होते, घर भरले होते, आत्ताच गेले. दर गुरुवारी ते हेच सांगतात, आणि ती दर गुरुवारी बरे वाटले म्हणते. कोमिलने मान खाली घातली. त्याने चहाचा पेला हातात धरला होता, पण तो पीत नव्हता.

“कोणी नाही आलं,” एर्गाश-अका म्हणाले.

“म्हणजे?”

“कोमिल आलाय, पण कात्री द्यायला. गुरुवारी इथं कोणी येत नाही, माहलियो. तुझी आई गेल्यापासून कोणी येत नाही. मी सहा वाटे लावतो आणि सहाही मीच खातो.”

तिकडे बाळाची बडबड ऐकू येत होती.

“दादा…”

“थांब, मला बोलू दे. कोमिल समोर आहे, म्हणजे नंतर मागं फिरता येणार नाही.” त्यांनी सनोबरच्या बाजूचा ढीग हात न लावता तसाच राहू दिला आणि श्वास घेतला. “मोठी कढई आजच कोमिलच्या घरी जाईल. तिथं खाणारी तोंडं आहेत. लागान मी भिंतीवर टांगतोय. आणि पुढच्या गुरुवारपासून मी एकट्यापुरतं शिजवणार आहे.”