तुडुमाची मंजुरी

आमच्या आसगावात तलावाचं तुडुम, म्हणजे पाळीखालची पाणी सोडायची मोरी, आजवर माणसाच्या हातानं उघडत आलं. पहिलं पाणी सगळ्यात लांबच्या बांधीला, म्हणजे धानाच्या खाचराला, मग मागं सरकत सरकत तलावाजवळच्या बांधीला. हा रिवाज कुठं लिहिलेला नव्हता, त्यामुळं कोणाला खोडताही आला नाही. सगळ्यात लांबची बांधी माझी.

मग जागेश्वरचा भूपेंद्र पुण्याची नोकरी घेऊन गावी राहायला आला. डेव्हऑप्स इंजिनिअर. लोकांच्या कंपन्या क्लाउडवर चालतात, त्या बंद पडू नयेत म्हणून हा आसगावच्या स्लॅबच्या खोलीत बसून पहारा देतो. एवढ्यावर थांबला असता तर आमचं काही भांडण नव्हतं. त्याला गावाचं भलं करायची हुक्की आली. तुडुमाला मोटर बसवली, बापाच्या बांधीत पाणी मोजायची दांडी रोवली आणि दोन्ही क्लाउडला जोडलं.

"दांडी तुझ्याच बापाच्या बांधीत काहून?" मी विचारलं.

"तिथंच वायफाय पोचते, काका."

"अन् माह्या बांधीचं?"

"तुडुम कसं असावं ते आता फाईलीत लिहिलं आहे. वरचं मशीन घडीघडी पाह्यते. फाईलीत एक अन् खाली दुसरं दिसलं, का खालचं दुरुस्त करते. आजकाल सगळ्या मोठ्या कंपन्यांत असंच चालते. हात लावायची गरजच नाही."

फाईलीत लिहिलं होतं की जागेश्वरची बांधी भरली की तुडुम बंद. ती तलावाला खेटून, हंडाभर पाण्यात भरते. माझं भारी, म्हणजे उशिरा पिकणारं धान नेमकं गर्भात आलेलं. आठवडाभर पाणी मिळालं नाही तर लोंब्या पोच्या निघणार, वर्षाचा तांदूळ गेला.

"भाषण ऐकून आले का पाणी घेऊन आले?" घरी आल्यावर बायको, तुळसा, म्हणाली.

मी कुदळ घेऊन पाळीवर गेलो आणि तुडुम हातानं उघडलं. तंबाखू मळून तोंडात टाकेपर्यंत मोटर घुरघुरली, तुडुम बंद. पुन्हा उघडलं, पुन्हा बंद. मी सागाचा ओंडका आडवा टाकला. मोटरनं तो असा चिरला की त्या फळ्यांची आमच्या घरी खाट झाली. यायचं तर बसून पाहा. मग मी मोटरच उपटून विहिरीत फेकली. वरच्या मशीनला मोटर आजारी वाटली, त्यानं दुसरी मागवली. लाखांदूरच्या एसटीतून खोकं आलं. ती फेकली, तिसरी आली. शेवटी शेवटी कंडक्टर मला पाहून स्वतःच खोकं उतरवायचा आणि विचारायचा, "विहीर भरली का नाही, बुवा?"

थकून भूपेंद्रकडं गेलो. "फाईल बदल."

"मी एकटा नाही बदलू शकत. बदल मी मांडतो, पण दोन माणसानं मोबाइलवर मंजुरी द्यावी लागते. एकाच्या चुकीनं नुकसान नको, म्हणून. मी तर माह्या स्वतःचाही अधिकार काढून टाकला आहे. आमच्यात यालेच शिस्त म्हणतात."

"दोन माणसं कोणती?"

"पाणी समितीवाले. आमचे बाबा अन् हेमराजकाका."

जागेश्वर आणि हेमराज धुऱ्याच्या, म्हणजे शेताच्या बांधाच्या भांडणापासून एकमेकांशी बोलत नाहीत. मयतीलाही एक पुढून जातो, एक मागून. दुनियेत एवढी माणसं असताना पुण्याच्या शिस्तीनं हीच जोडी निवडली होती.

"बोलायची गरज नाही न काका, फक्त बटन दाबायचं आहे," भूपेंद्र म्हणाला.

"मांड मंग बदल. तुडुम उघडं, असं लिही."

"बंद कधी करायचं ते?"

"ते नंतर मांडजो."

त्यानं मांडला. दोघांनीही बटन दाबलं नाही. एकानं दाबल्यावर आपणही दाबायचं म्हणजे त्याचं ऐकल्यासारखं होतं.

तेव्हा मी जागेश्वरच्या ओसरीवर जाऊन बसलो. हेमराजची बांधी मधली, तिच्यात हलकं धान पिकून कापणीला आलेलं.

"हेमराज मोठा खुश आहे," मी म्हणालो. "म्हणते, तुडुम बंद आहे तोवर माही बांधी कोरडी. जागेश्वर माह्याच कामाचा माणूस आहे."

"मी त्याच्या कामाचा?" जागेश्वरनं मोबाइल शोधला.

तिथून उठून मी हेमराजकडं गेलो. "जागेश्वरले एकच धाक आहे. तुडुम पूर्ण उघडलं तर पोराची दांडी वाहून जाईन अन् गावभर हासं होईन."

"असं म्हणते काय थो?" हेमराजला बटन सापडेना, तर मीच बोट धरून दाखवलं.

सांज व्हायच्या आत पाणी माझ्या बांधीत आलं. धान असं गटागटा प्यायलं की धुऱ्यावर उभ्या तुळसाला आवाज ऐकू आला, तिलाच विचारा. जाता जाता पाण्यानं जागेश्वरची दांडी उपटून नेली आणि हेमराजचं पिकलं धान आडवं केलं.

माझी बांधी भरली तशी मी धुरा फोडून जास्तीचं पाणी नाल्यात सोडलं. तुडुम उघडंच. फाईलीत तसं लिहिलेलं, आणि वरचं मशीन लिहिल्याप्रमाणं राखणारं. हेमराज बंद करायला गेला, तर मोटरनं त्याचा हात झिडकारला. भूपेंद्रनं लगेच बंद करायचा बदल मांडला.

"पहिले त्यानं दाबावं," जागेश्वर म्हणाला. "माही दांडी त्यानंच बुडवली."

"पहिले त्यानं," हेमराज म्हणाला. "माहं धान त्यानं झोपवलं."

दोघं पाळीवर बसले, पाठीला पाठ लावून, हातात मोबाइल. तलाव उतरत गेला, चिखल दिसला, मासे उड्या मारून नाल्याच्या रस्त्याला लागले. बगळे येऊन दोघांच्या डोक्यावर बसले, तरी कोणी मान हलवली नाही.

भूपेंद्र माझ्या दारात आला. पोराचं तोंड सुकलेलं. "काका, तुम्ही त्यायले समजावा. दोघंही तुमचं ऐकतात."

"फाईलीत माहं नाव आहे काय?"

"नाही."

"मंग मी कोण?"

"तुमचं नाव टाकतो न काका. तिसरा मंजुरीवाला म्हणून. दोघांपैकी एक अन् तुम्ही, भागते."

"टाक."

त्यानं दारातच उभ्या उभ्या मोबाइलवर बोटं चालवली. मग बोटं थांबली.

"काय झालं?" आतून तुळसानं विचारलं.

"नाव टाकायलेही," तो म्हणाला, "त्या दोघांची मंजुरी लागते."

"बस मंग," मी म्हणालो आणि सागाच्या खाटेवर त्याला जागा करून दिली.