गॅव्हिगनांच्या चुलीचा चिमटा

मित्रांनो, मी एक जुना लोखंडी चिमटा आहे. आयर्लंडमधल्या मेयो परगण्यातल्या एका लोहाराने मला ओनोरा गॅव्हिगनच्या लग्नात आहेर म्हणून घडवले. घडवताना माझा एक पाय वाकडा झाला. लोहार म्हणाला, "असू दे. नवराही लंगडाच आहे, जोडी जमेल!"

गॅव्हिगन कुळे होती. जमीन जमीनदाराची, घाम यांचा. दलदलीतून कापून वाळवलेल्या, सरपणासारख्या जळणाऱ्या काळ्या मातीच्या विटांचा जाळ आणि त्यावर बटाट्यांचे भांडे, एवढाच त्यांचा संसार. झोपण्यापूर्वी ओनोरा निखारे राखेखाली झाकायची आणि पहाटे मी ते उकरून काढायचो. तिच्या आजेसासूने पेटवलेला तो विस्तव कधी विझला नव्हता. ओनोरा पाण्याला गेली, की मला पाळण्यावर आडवा ठेवायची. लोखंड दिसले की टेकडीवरच्या पऱ्या बाळाला पळवत नाहीत. अशी सहा बाळे मी राखली. एवढा मान पुढे कधी मिळाला नाही.

मग जमीनदाराला मेंढ्यांसाठी कुरण हवे झाले. घरे रिकामी करण्याचा हुकूम आला. शिपाई आले की आधी चुलीत पाणी ओततात, हे ओनोराला ठाऊक होते. त्याआधीच तिने माझ्या चिमटीत तीन निखारे उचलले आणि ओढ्यापलीकडच्या केट डर्कनच्या चुलीत नेऊन ठेवले.

"केट, आमचा विस्तव तुझ्याकडे. परत आलो की नेईन."

"बरं. पण हा वाकडा कशाला ठेवतेस?"

"मग परत नेताना निखारे काय दातांनी उचलू?"

दोघी हसल्या, मग गळ्यात पडून रडल्या. ओनोरा बोटीने अमेरिकेला गेली ती गेलीच.

तो विस्तव केटने राखला, मग तिच्या सुनेने, मग नातीने. मी मात्र नवा चिमटा आल्यावर खिळ्याला लटकलो आणि गंजलो. शेवटी ती नात, विनीआजी, घरात एकटी उरली. वय चौऱ्याऐंशी, गुडघे गेलेले. सोमवारी भाचा तिला शहरात नेणार होता आणि तिथे चूल नव्हती. "लोकांची ठेव माझ्या हातून विझणार," असे ती माझ्याकडे बघून म्हणायची.

शनिवारी दुपारी दारात एक साठीची बाई आली. हातात कागदांचा गठ्ठा, बुटांना चिखल.

"मी लोरेटा. अमेरिकेहून आलेय. माझ्या पणजोबांचं घर शोधतेय, शॉन गॅव्हिगनचं."

"कुठला शॉन? टेकडीवरचा, काळा की लंगडा?"

"चर्चच्या लग्नांच्या नोंदवहीत तसं काही नाही हो. नुसते तीन शॉन, आणि तिघांच्या बायका ओनोरा! काल गावात कुणीतरी मला एक पडकं घर दाखवलं. मी तिथे रडले, फोटो काढले. आज कळलं, तो शॉन वेगळाच."

"रडलीस ते वाया नाही गेलं, पोरी. तो काळा शॉन असेल. त्याच्यासाठी आजवर कुणीच रडलं नव्हतं! चहा घे. तुमच्या घरात कुणी काही बोलायचं का या गावाबद्दल?"

"काहीच नाही. आणि उद्या माझं विमान आहे." लोरेटाने कप हातात धरला. "थंडी पडली की आजी एक विचित्र वाक्य म्हणायची, 'आपला विस्तव डर्कनांकडे आहे, आणि चिमटाही.' आम्हाला वाटायचं, म्हातारी भ्रमली."

विनीआजी काठी टेकत उठली. तिने मला खिळ्यावरून काढले आणि लोरेटाच्या हातात दिले.

"मी डर्कन," ती म्हणाली. "कुठे होतात गं इतकी वर्षं?"

मित्रांनो, लोरेटाची आजी म्हणजे मी पाळण्यावर राखलेले सहावे बाळ.

त्या दुपारी मी पुन्हा तीन निखारे उचलले. दोघी एकमेकींच्या आधाराने ओढा ओलांडून लंगड्या शॉनच्या घरापाशी आल्या. छप्पर नव्हते, चुलीत रानझाडी माजली होती. लोरेटाने ती उपटली, निखारे ठेवले, वर काळ्या विटा रचल्या आणि फुंकर घातली. हळूहळू धूर सरळ आभाळात चढला.

"पोचलं बाई तुमचं तुम्हाला," विनीआजी म्हणाली. "आता माझी चूल विझली तरी चालेल."

आज मी लोरेटाच्या स्वयंपाकघरात, समुद्रापलीकडे आहे. इथे निखारे नाहीत. पण ती दर रविवारी मला तेल लावते आणि नातवंडांना ते वाक्य म्हणायला लावते.

तेव्हा मित्रांनो, गंजलेला चिमटा पुसून ठेवा. आणि घरातली म्हातारी माणसे काही न कळणारे बोलली, तर हसण्याआधी त्यांच्याजवळ बसून एकदा विचारा. आम्ही चिमटे फार वर्षे टिकतो, पण गोष्टीबाहेर आम्हाला बोलता येत नाही.