झरेश्वराची दुसरी वाट

हौशीराम गुरव अनवाणी चालतात, हे यवतपासून कासुर्डीपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. वैशाखातल्या तापलेल्या डांबरावरही पायात काही नाही. सून शितलनं यवतच्या बाजारातून आणलेल्या चपला खोक्यातच पडून होत्या. लोक म्हणत, काय भक्ती आहे म्हाताऱ्याची! हे कानावर आलं की हौशीराम मान खाली घालत, आणि लोक त्यालाही नम्रपणा समजत. लोकांचं काय, समजायला सोपं असतं ते समजून घेतात.

त्यांच्या झरेश्वराचं देऊळ गावामागच्या टेकडीवर. चुना नाही की माती नाही. काळा दगड दगडाच्या खाचेत बसवलेला, आणि वरच्याच्या वजनानं खालचा जागेवर. मंडपात बारा खांब. अकरा खांबांवर वेली, हत्ती, आरशात बघून कुंकू लावणाऱ्या बायका. बारावा मात्र कोरा. पांडव एका रात्रीत देऊळ बांधत होते, शेवटच्या खांबाला छिन्नी लावली आणि कोंबडा आरवला, म्हणून तो तसाच राहिला. त्याचं नावच कोंबड्याचा खांब. तो ढळला की देव गाव सोडणार, असं जुन्या बाया सांगत. शाळेच्या सहली आल्या की हौशीराम ही गोष्ट आरवण्यासकट सांगायचे, आणि पोरं पुन्हा आरवायला लावायची.

यंदा तो खांब दोन बोटं खचला. वरच्या तुळईला चीर गेली.

जुन्या देवळांच्या कामातल्या जाणकार अनुपमाबाई पुण्याहून आल्या. त्यांनी दोन दिवस मापं घेतली, खांबाशेजारी खणून बघितलं, टेकडीखालच्या पायऱ्यांच्या बारवेत उतरून तिथली भिंतीतली दगडी मगर बघितली, तिच्या कोरड्या तोंडात हात घातला. "हिच्यातून पाणी कधी येणं थांबलं?" असं त्यांनी चार जणांना विचारलं. बोअर वाढल्या, पाणी खाली गेलं, असं चौघांनीही सांगितलं. हौशीराम पाचवे होते. बाई त्यांच्याकडं वळायच्या आत ते दिव्यात तेल घालायला टेकडी चढून गेले.

तिसऱ्या दिवशी बाईंनी मंडपातच पंचांना सांगितलं, "पायाखालची जमीन ओली झालीय. पाणी कुठून मुरतंय ते आज सापडलं नाही, तर देऊळ बंद करावं लागेल. शिखर उतरवायचं, एकेका दगडावर नंबर घालायचा, सगळं उलगडायचं आणि पुन्हा रचायचं."

"किती दिस लागत्याल?" आनंदरावांनी विचारलं. आनंदराव म्हणजे गावातले मोठे बागायतदार आणि देवळाचे मुख्य पंच.

"दिवस नाही, वर्षं."

सात पिढ्यांत देव एक दिवस पारोसा राहिला नव्हता. आता देऊळ दगडादगडानं खाली उतरणार, आणि ते कुणामुळं, हे या मंडपात एकट्या हौशीरामांनाच ठाऊक होतं. सहा वर्षं गिळून ठेवलेलं घशाशी आलं.

"बाई, थांबा," ते म्हणाले. "पानी कुठनं मुरतंय ते मला ठावं हाय."

सगळे वळले.

"आनंदराव, दुष्काळाच्या साली आपन देव कोंडला हुता. आठवतंय न्हवं?"

आठवत सगळ्यांनाच होतं. पाऊस ओढ घेतो तेव्हा गाव महादेवाला पाण्यात कोंडतं. गाभाऱ्यातून पाणी जायची वाट गुरवानं बुजवायची, गावानं घागरी वाहून पिंडी बुडवायची, आणि पाऊस पडेपर्यंत देवाला सोडायचं नाही. देव गुदमरला की आभाळाकडं बघतो, असा हिशेब.

"वाटा दोन हायती," हौशीराम म्हणाले. "एक गोमुखाची, ती तुमाला दिसती. दुसरी पिंडीमागं, जिमिनीलगत, खाली बारवंतल्या मगरीच्या तोंडातनं निघती. ती फकस्त गुरवाला ठावं. दोन्ही मीच बुजिवल्या, गोनपाट आन् चिकनमाती घालून. पाऊस आला तवा गोमुख मोकळं केलं, आन् दुसरीकडं वळतोय तर पोरांनी मला खांद्यावर उचलून खाली गावात नेलं. गुलालात राह्यलं ते राह्यलंच."

"मंग नंतर?"

"ध्यानात आलं तवा बारावा दिस. पाऊस पडला म्हनून तुमी गाभाऱ्यात नवसाची फरशी बसवीत हुता. गवंड्यानं पिंडीमागचा शेवटचा तुकडा दाबला, आन् तुमच्या डोळ्यांत पानी. माजी जीभच उचलली न्हाई."

अनुपमाबाई उठल्याच. "दाखवा," त्या म्हणाल्या.

आनंदरावांनी स्वतः पहार घेतली. आपल्याच नवसाची फरशी उचकटताना त्यांनी तोंडातून शब्द काढला नाही, आणि हौशीरामांना ती मुकाट पहार शिव्यांपेक्षा जड वाटली. तुकडा निघाला. खाली कुजका वास, काळा गाळ. हौशीराम पालथे पडले, खांद्यापर्यंत हात घातला आणि ओढू लागले. चिंधी चिंधी करत गोणपाट आलं. मग चिखल. मग आतून एक घोट गिळल्यासारखा आवाज झाला.

बाईंनी घागर ओतायला सांगितली. पाणी गेलं. दुसरी, तिसरी, दहावी. सगळं गेलं, पण जाऊन पोचतंय कुठं, हा प्रश्न होताच. शितल बारवेत मगरीसमोर फोन घेऊन उभी होती.

"काय गं?" हौशीरामांनी फोनवर विचारलं.

"कोरडंच हाय, आबा."

विसावी घागर. लोकांनी आता रांग धरली होती. हौशीरामांनी फोन कानाला दाबून धरला. सहा वर्षांच्या गाळानं वाट कायमची बसली असली तर?

"आबा!" फोन कानापासून लांब धरावा लागला. "आलं! गढूळ हाय, पन धार लागली! मगरीच्या तोंडातनं!"

हौशीराम मटकन खाली बसले आणि लहान पोरासारखे रडले. अनुपमाबाईही हसल्या. "अभिषेकाचं पाणी फरशीच्या सांध्यांतून खाली जाऊन अडत होतं, तेच पायात मुरलं. वाट मोकळी ठेवा. माती वाळली की खांब टेकूवर घेऊन खाली दगड सारू. देऊळ उलगडायची गरज नाही, बंदही करायची नाही," त्या म्हणाल्या.

एवढं झालं तरी हौशीरामांनी आनंदरावांकडं बघायचं टाळलं. आनंदरावच जवळ येऊन बसले, हाताला चिखल तसाच.

"गुरव, चीर दिसल्यापास्नं मला झोप न्हाई," ते हळूच म्हणाले. "मला वाटत हुतं, माज्या फरशीच्या वजनानंच खांब खचला. म्हनलं, नवस फेडाया गेलो आन् देवच गावातनं घालवला. कुनाला सांगू? आता तुमचं ऐकलं आन् जीव भांड्यात पडला बगा."

"म्हंजी तुमी रागावला न्हाई?"

"रागावतो की. उद्या सावकाश रागावतो."

दोघंही हसले, आणि हसता हसता हौशीरामांच्या डोळ्यांना पुन्हा धार लागली. मग ते उठले. पिंडीसमोर कान धरून त्यांनी सहा वर्षं राहिलेलं म्हटलं, "देवा, सुटलास. चुकलं माजं."

तेवढ्यात शितल धापा टाकत टेकडी चढून वर आली.

"शितल, त्या चपला हायत का गं अजून?"

"हायत की! पन तुमचा नवस?"

"कसला नवस, पोरी. माजा बा सांगायचा, जो देवाला कोंडंल त्यानं देव सुटंस्तवर पायात काय घालायचं न्हाई. पाऊस पडला म्हनून गावानं देव सुटला धरलं. मी कसा धरू?"

संध्याकाळी हौशीराम नव्या चपला घालून पारावरून निघाले. चपला सपाटून चावत होत्या. घरापर्यंत त्यांनी त्या काढल्या नाहीत.